पंच्याहत्तर किलोमीटरचे सव्वा लाख

गाडी घेऊन वर्ष उलटलं. तरी गावी गेलो की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर जो भेटतो, तो सलाम-दुआ होताच पहिला प्रश्न हाच विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" मी आकडा सांगतो. समोरचा मनातल्या मनात पुणे, मुंबई, रत्नागिरीची अंतरं मोजतो आणि म्हणतो, "मग मोठ्या बॅटरीची घ्यायची होतीस की!"

सल्ला देणाऱ्यांना मी दोष देत नाही. गाडी घेण्याआधी तीन महिने मीही याच एका प्रश्नाभोवती फिरत होतो. इलेक्ट्रिक घ्यायची हे ठरलं होतं. प्रश्न होता लहान बॅटरी की मोठी. त्या तीन महिन्यांत मांडलेला हिशोब आणि नंतरच्या वर्षात त्यातलं काय खरं ठरलं, काय चुकलं, हे लिहून ठेवतो आहे. याच वळणावर उभे असलेले बरेच जण आहेत.

आधी आकडे. मी पाहत होतो ती टाटा पंच ईव्ही. जानेवारी २०२४ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या, २५ किलोवॅट-तासांची आणि ३५ किलोवॅट-तासांची. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं युनिटच. लहान बॅटरीची कागदावरची रेंज ३१५ किलोमीटर, मोठीची ४२१. सगळ्या सोयी सारख्या असलेल्या वरच्या प्रकारात लहान बॅटरीची सुरुवातीची शोरूम किंमत १३ लाख २९ हजार होती आणि मोठीची १४ लाख ४९ हजार. मी गेलो तेव्हा माझ्या हातात पडलेल्या कोटेशनमध्येही फरक एक लाख वीस हजारांचाच होता. विमा धरला की सव्वा लाख.

कागदावरच्या रेंजचं काय ते एकदा समजून घेतलं पाहिजे. ती खोटी नसते, पण ती आपल्या रस्त्यावरची नसते. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या तालात चालवतात, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, आणि एसी लावून, चार माणसं नि आंब्याच्या पेट्या भरून ती परीक्षा होत नाही. माझ्या चालवण्यात ही गाडी एका युनिटला साधारण साडेसात किलोमीटर जाते. म्हणजे लहान बॅटरीवर १८५ आणि मोठीवर २६० किलोमीटर. कागदावर १०६ किलोमीटरचा फरक दिसतो, रस्त्यावर तो पंच्याहत्तर उरतो. सव्वा लाख द्यायचे ते या पंच्याहत्तर किलोमीटरसाठी.

एवढे पैसे कशाचे, तर बॅटरीचेच. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा हे उघडच दिसलं. बॅटरी भाड्याने घेतली तर तीच गाडी ९ लाख ९९ हजारांना आणि वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरीसकट घेतली तर साडेतेरा लाखांपासून पुढे. ३८ किलोवॅट-तासांच्या बॅटरीपायी साडेतीन लाखांचा फरक. इलेक्ट्रिक गाडीत टाकी मोठी करणं हे पेट्रोलच्या गाडीसारखं पत्र्याचं काम नाही. गाडीतला सर्वांत महागडा भागच आपण वाढवून मागत असतो.

इथे शोरूममधला हिशोब आपली दिशाभूल करतो. तिथला माणूस म्हणतो, "सर, पेट्रोल वाचेल ना! चार वर्षांत निघून जातील पैसे." पेट्रोल वाचतं हे खरं आहे. पण ते लहान बॅटरीवरही तेवढंच वाचतं. वर्षाला जेवढे किलोमीटर चालवणार तेवढे तर चालवणारच. वरचे सव्वा लाख त्या बचतीतून कधीही परत येत नाहीत. ते फक्त न थांबण्यासाठी दिलेले पैसे असतात. जुनी गाडी विकताना मोठ्या बॅटरीला थोडा जास्त भाव मिळेल, एवढीच काय ती परतफेड.

आता घरचं सांगतो. त्या सव्वा लाखांसाठी माझ्याकडे दोनच वाटा होत्या. एक बँकेची. नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी एक लाख वीस हजार घेतले तर महिन्याला अडीच हजारांचा हप्ता आणि शेवटी दीड लाखांच्या आसपास परतफेड. अब्बा आयुष्यभर व्याजापासून लांब राहिले. शाळेत शिक्षक होते, घर बांधायला अठरा वर्षं लागली, पण कर्ज घेतलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, "व्याजाची असेल तर मला त्या गाडीत बसवू नकोस." माझी मतं याबाबत अब्बांइतकी ठाम नाहीत, पण वडिलांना ज्या गाडीत बसता येणार नाही ती गाडी घेऊन मी करू काय?

दुसरी वाट अम्मीच्या उमराहची. तिच्यासाठी तीन वर्षं थोडे थोडे बाजूला ठेवलेले पैसे होते आणि रक्कम जवळजवळ तेवढीच. अम्मीला कोटेशनचा कागद समजला नाही, पण माझा चेहरा समजला. म्हणाली, "मी पुढच्या साली जाईन. अल्लाहचं घर कुठे पळून जात नाही. तू रस्त्यात अडकू नकोस म्हणजे झालं." तिचं हे बोलणं ऐकल्यावर मी पहिल्यांदा वही-पेन घेऊन नीट बसलो. तोपर्यंत मी फक्त यूट्यूबवरचे व्हिडिओ बघत होतो.

वहीत आधी लिहिलं वर्षाचं चालवणं. कोंढव्यातून खराडीला ऑफिस, येताना मुलीला क्लासमधून घेणं, कधी बाजार. दिवसाला ३६ किलोमीटर, वर्षाचे सुमारे २९० दिवस. या सगळ्या दिवसांत लहान बॅटरीचाही पाचवा हिस्सासुद्धा संपत नाही. मग गावच्या फेऱ्या. आमचं गाव खेड तालुक्यात, कोंढव्याच्या दारापासून १९५ किलोमीटर. दोन्ही ईद, मे महिन्याची सुट्टी, एखादं लग्न, एखादं आजारपण धरून वर्षाला सहा फेऱ्या. जाऊन-येऊन बारा प्रवास. लहान बॅटरी १८५ जाते, गाव १९५ वर. गाव नेमकं दहा किलोमीटरने बाहेर! माझी सगळी तळमळ या दहा किलोमीटरची होती.

पण बारा प्रवास म्हणजे पाच वर्षांत साठ. एक लाख वीस हजारांना साठने भागलं की दोन हजार रुपये. म्हणजे माणगावजवळ एकदा न थांबण्यासाठी मी दर वेळी दोन हजार रुपये मोजणार होतो. पुढे गाडी विकताना त्यातले निम्मे परत आले असं धरलं तरी हजार. आणि तो थांबा तरी केवढा? जलद चार्जरवर ही बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर यायला ५६ मिनिटं लागतात असं कंपनी सांगते. मला तर गावी पोचून थोडी हाताशी राहावी एवढ्यासाठी दहा-बारा युनिटंच हवी असतात. त्याला तेवढा वेळ लागत नाही.

शिवाय आम्ही तसेही थांबतच होतो. जुन्या पेट्रोल गाडीतही ताम्हिणी उतरली की थांबायचोच. अम्मीचे गुडघे दोन-अडीच तासांच्या वर एका जागी बसू देत नाहीत. मुलगी घाटात उलटी करते. जोहरची वेळ होते. वजू, नमाज, चहा, वडापाव, यात अर्धा तास कसा जातो कळत नाही. गाडीची रेंज मोजताना आम्ही माणसांची मोजलीच नव्हती.

घाटाचा बाऊही वहीतच उतरला. सगळे घाबरवतात, "चढणीला बॅटरी पाण्यासारखी जाते." माझ्यात थोडासा विज्ञानाचा विद्यार्थी शिल्लक होता. एक टन वजन शंभर मीटर वर न्यायला सुमारे ०.२७ युनिट लागतं. माणसं-सामानासह गाडी १७०० किलो धरली आणि कोकणातून घाटमाथ्यावर यायला सहाशे मीटरचा चढ धरला, तर होतात पावणेतीन युनिटं. मोटरमधली गळती धरून सव्वातीन. २५ पैकी सव्वातीन. कमी नाही, पण गाडी घाटात बंद पडेल असंही नाही. आणि जाताना उताराला त्यातला बराचसा भाग परत बॅटरीत येतो, हे पेट्रोलच्या गाडीला कधी जमलं नाही.

बॅटरी लवकर झिजण्याची भीतीही तपासली. वर्षाला १२-१३ हजार किलोमीटर म्हणजे लहान बॅटरी वर्षाला सत्तरच्या आत वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली. कंपनीची बॅटरीवरची हमी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. आठ वर्षांनी पाचवा हिस्सा ताकद गेली असं समजलं, तरी १४८ किलोमीटर उरतात. रोजचे ३६ त्यात चार वेळा बसतात.

एवढं सगळं झाल्यावरही एक भीती वहीत मावत नव्हती. ती आपल्याकडच्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. रात्री गावाहून फोन येतो. आपल्यात मय्यत ठेवून घेत नाहीत. रात्री इंतकाल झाला तर जोहरनंतर, फार तर असरनंतर दफन. परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबा म्हणणारेही हल्ली दिसतात, पण पुण्यातल्या पुतण्यासाठी कोणी थांबत नाही, थांबूही नये. मातीला पोचलो नाही, तर ती गोष्ट आयुष्यभर मनात राहते. बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, तेव्हा ब्याऐंशीचे होते. मोठी बॅटरी घ्यावी असं मला वाटत होतं ते खरं तर या फोनसाठी.

मग तोही फोन कागदावर मांडला. समजा फोन आला आणि त्या रात्री गाडीत चाळीस टक्केच चार्जिंग आहे. लहान बॅटरी ७४ किलोमीटर जाईल, मोठी १०४. गाव १९५. दोन्ही पोचत नाहीत! फरक पडतो तो गाडी रोज रात्री प्लगला लावलेली असेल तर. आणि ती लावलेली असेल, तर लहान बॅटरीही एका छोट्या थांब्यानिशी पोचवते. म्हणजे माझी भीती बॅटरीच्या आकाराने जाणारी नव्हतीच. ती माझ्या पार्किंगमध्ये प्लग आहे की नाही यावर अवलंबून होती.

तेव्हा मी शोरूमच्या आधी सोसायटीच्या कमिटीकडे गेलो. पंधरा अँपिअरचा एक साधा पॉइंट, माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने. एवढ्यासाठी चार महिने लागले. आग लागेल, केबल कुठून नेणार, उद्या सगळेच मागतील. मी इलेक्ट्रिशियनचं पत्र आणलं, वेगळा ब्रेकर आणि अर्थिंग दाखवलं. शेवटी परवानगी मिळाली. सगळा खर्च चौदा हजार. माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीवर मी केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च तो. रोजचे ३६ किलोमीटर त्या प्लगवर दीड-दोन तासांत भरून निघतात. मी झोपलेला असतो.

गाडी लहान बॅटरीची घेतली. अम्मी जानेवारीत उमराहला जाऊन आली.

आता वर्षभराचा खरा हिशोब, लपवाछपवी न करता. शहरात एकदाही अडचण आली नाही. गावच्या फेऱ्यांमध्ये एक सोडली तर सगळ्या ठीक झाल्या. ती एक म्हणजे बकरी ईदच्या आदल्या दिवसाची. चार्जिंगच्या जागी दोन नळ्या, त्यातली एक बंद, आणि आमच्या पुढे दोन गाड्या. सव्वा तास उन्हात उभे राहिलो. मुलगी रडत होती, अब्बा एक शब्द बोलले नाहीत आणि ते न बोलणं जास्त लागत होतं. त्या दिवशी मला सव्वा लाख स्वस्त वाटले.

आणि तो फोनही आला. ऑक्टोबरमध्ये, रात्री पावणेदोनला. बडे अब्बा गेले. खाली गाडी प्लगला होती, नव्वद टक्के भरलेली. पण मी ती काढली नाही. रात्री माणगावचा चार्जर चालू असेलच याची खात्री वाटेना, आणि त्या रात्री मला तो धोका पत्करायचा नव्हता. कोंढव्यातच राहणाऱ्या मावसभावाला उठवलं, त्याच्या डिझेल गाडीतून सहा जण निघालो आणि सकाळी गुसलच्या आधी पोचलो. मोठी बॅटरी असती तर माझ्याच गाडीने गेलो असतो, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या कागदावरच्या हिशोबात माझं मन धरलेलं नव्हतं. पण त्या एका रात्रीसाठी सव्वा लाख बाजूला ठेवायचे का, याचं उत्तर अजूनही 'नाही' असंच येतं. मय्यतीला जायचंय म्हटल्यावर आपल्या माणसांत गाडी कोणी नाकारत नाही. ज्याचं शहरात कोणीच नाही त्याने मात्र मोठी बॅटरी घ्यावी. त्याच्यासाठी ती चैन नाही.

मोठी बॅटरी लागणारे आणखीही लोक आहेत. ज्याचं काम आठवड्यातून दोन-तीनदा पुणे-सोलापूर, पुणे-नाशिक असं असतं, त्याचा हिशोब माझ्यासारखा नाही. त्याचे पैसे वर्ष-दीड वर्षात कामी लागतात. त्याने बिनदिक्कत घ्यावी.

पण मला सर्वांत जास्त खटकतं ते तिसऱ्याच माणसाचं. माझा एक दोस्त भवानी पेठेत राहतो. जुना वाडा, वर दोन खोल्या, खाली दुकान. गाडी रात्री जिथे जागा मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. त्याला प्लग कुठून मिळणार? तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावर वायर सोडता येत नाही. त्याने इलेक्ट्रिक घेतली तर त्याला सार्वजनिक चार्जरवर जावं लागणार, म्हणून फेऱ्या कमी व्हाव्यात यासाठी मोठी बॅटरी घ्यावी लागणार. म्हणजे सव्वा लाख जास्त. त्यावर वीजही महाग. मी घरी भरतो त्या विजेवर जीएसटी नाही, सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के आहे. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आहे त्याला गाडीही स्वस्त आणि वीजही स्वस्त. ज्याच्याकडे नाही त्याला दोन्ही महाग. आपले बहुतेक मोहल्ले, मग ते पुण्यातले असोत, मालेगावचे, भिवंडीचे की सोलापूरचे, या दुसऱ्या प्रकारात मोडतात. केवळ आपलेच नव्हेत. कुठल्याही जुन्या पेठेत, चाळीत हीच स्थिती आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना बांधकाम नियमांत बदल करून नव्या इमारतींत पार्किंगच्या २० टक्के जागेसाठी चार्जिंगची सोय धरायला सांगितली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट आहे. दोन्ही चांगलं आहे. पण नव्या इमारती आणि महामार्ग यांच्या मधे ज्या गल्ल्या आहेत, त्यांचं काय? महापालिकेने गल्लीच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीलगत, बंद पडलेल्या जकात नाक्यावर साधे संथ प्लग लावले, तर त्या माणसाचे सव्वा लाख वाचतील. जलद चार्जरचा थाटमाट तिथे लागत नाही. गाडी रात्रभर उभीच असते. आणि हा खर्च मशिदी, शादीखाने, शिक्षणसंस्था ज्यांच्याकडे आवार आहे, त्यांनाही जड नाही.

म्हणून आता मशिदीबाहेर कोणी "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" असं विचारलं, की मी आकडा सांगण्याआधी उलट विचारतो, "रात्री गाडी कुठे लावणार आहेस?" त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याला लहान बॅटरी घ्यायला सांगतो. उत्तर नसेल, तर आम्ही तिथेच उभे राहून आणखी बराच वेळ बोलतो.